उभे राहणारे घरमालक

अख्ख्या सातारा-सांगलीत आमच्या घरमालकांइतका मनापासून हरणारा माणूस झाला नाही. पलटणीतून सुभेदार होऊन परतले तेव्हापासून नगरपालिका, पतपेढी, गल्लीतलं मंडळ, जिथं म्हणून मतं पडत तिथं हे उभे. आणि पडत. पडल्यावर निवडून आलेल्याच्या दारात जाऊन कडक सलाम ठोकत आणि विचारत, "आता गटाराचं काय?" विजयी उमेदवाराच्या तोंडातला पेढा तिथंच अडके. एकदा त्यांना कपबशी हे चिन्ह मिळालं, तर निकाल लागेपर्यंत त्यांनी घरी आलेल्या कुणाला चहा म्हणून दिला नाही. मतदाराला चहा पाजणं म्हणजे लाच! इकडं पाहुण्याला कोरड्या तोंडानं लावून देणं म्हणजे काय, ते सांगायला नको. सख्ख्या मेव्हण्यानंही मत दिलं नाही म्हणतात. पेपर मोठ्यानं वाचत आणि मंत्र्याचं भाषण आलं की स्वतःलाच हुकूम सोडत, "खोटं! फुडं चल!"

मी बीडकडचा. बहात्तरच्या दुष्काळात सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. फिरत फिरत साताऱ्याला आलो, औद्योगिक वसाहतीत हेल्पर झालो. बाहेरच्याला खोली कोण देणार? ह्यांनी दिली. "जात इचारनार न्हाई. पन सकाळी अंथरुणाची घडी पायजे. डिशिप्लिन!" एवढीच अट. त्या खोलीचे उपकार मी अजून मानतो. फक्त त्यांच्याबरोबर बाजारात जायची मला धास्ती वाटे, कारण वाटेत चौकी लागे. तिथं ते हटकून थांबत आणि बाहेर बसलेल्या शिपायाला विचारत, "काल कुनाला धरलं? कशापायी? कायद्यात बसतं का ते?" मी मागच्या मागं सरकत असे. परक्या गावात पोलिसाच्या नजरेत भरू नये, एवढी अक्कल सातवीपर्यंत येते.

आणि नेमका मीच भरलो. नगरपालिकेची निवडणूक लागली होती. घरमालकांसमोर एक कंत्राटदार उभे होते. कपाळावर भला मोठा टिळा आणि प्रत्येक सभेत एकच पालुपद : धर्म बुडाला, बाहेरचे माजले, त्यांना हाकला की चोऱ्या थांबतील. लोक टाळ्या पिटत. त्यातच खंडोबाच्या देवळातली समई गेली, आणि गल्लीत बाहेरचा म्हणावा असा मी एकटाच. चौकीत नेऊन माझे तळपाय फुटेस्तोवर मारलं. पुढं समई मांडववाल्याच्या सामानात निघाली. उत्सवानंतर ती त्याच्या भांड्यांबरोबर गेली होती. मला सोडलं, पण चौकीनं सांगितलं, मारलं कुणी? पोरगा जिन्यावरून पडला.

घरमालक चौकीच्या दारात जाऊन गरजले, "ही बैठी चौकी! जिना दावा, तक्रार मागं घेतो!" गल्ली हसली. पायाला फडकी बांधलेला मीही हसलो.

पण त्यांनी ते धसालाच लावलं. प्रचारसभेत रस्ते, नळ सगळं बाजूला आणि माझे तळपाय पुढं. अर्जावर अर्ज करून त्यांनी वरचे साहेब चौकशीला आणवले. साक्षीदार एकच होती, चौकीत चहा नेणारी समोरच्या टपरीवरची बाई. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. समई सापडली तरी चौकीत नेलेला तो चोर, हे गल्लीत कायमच होतं; तिनं सांगितलं असतं तर बिनगुन्ह्याचा मारला हे कागदावर येऊन माझ्या नावावरचा तो डाग धुतला गेला असता. पण कंत्राटदारानं घरटी माणसं देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला होता : मत आम्हाला, आणि चौकीविरुद्ध अवाक्षर नाही. देवाची ती हळद उचलून दिलेला शब्द मोडला तर पोराबाळांवर येतं, अशी इकडची समजूत.

घरमालक मला घेऊन तिच्या टपरीवर गेले. "वैनी, आवं हळद हाय ती. आमटीत घालता तीच."

बाईनं देवाच्या फोटोपुढची वाटी त्यांच्यापुढं धरली. "हळदच हाय न्हवं? मग तुमी उचला, सुबेदार. म्हना, माज्या पोराला चौकीतलं कुनी हात लावनार न्हाई. ह्या पावली येते सायबाम्होरं."

घरमालकांनी चिमूट उचलली. देव न मानणारा माणूस. एक वाक्य बोलायचं होतं. ओठ हलले. मग त्यांनी चिमूट अलगद वाटीत सोडली.

"पोरगं कितवीला हाय?" त्यांनी विचारलं.

"धाव्वीला."

"शिकवा त्याला," म्हणाले आणि बाहेर पडले. रस्त्यात मला म्हणाले, "खंडोबाला न्हाई भ्यालो रं. त्याची भीती घालवता येती मानसाची. फौजदाराची कशी घालवू?"

साहेब आले, चहा पिऊन गेले. जिना कागदावर कायम झाला. कंत्राटदार निवडून आले आणि मिरवणुकीत माझ्या कारखान्यातली पोरं नाचली. घरमालक या खेपेला सलाम ठोकायला गेले नाहीत.

मी ट्रंक भरली. ते थांब म्हणाले नाहीत, आपणच एस.टी.नं मला सांगलीला घेऊन आले, पलटणीतल्या एका मित्राच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये. मित्रानं विचारलं, "कोन रं ह्यो?"

"आपला हाय. चोर न्हाई."

"आरं, मी कुठं म्हनलो चोर?"

"तू न्हाई म्हनलास गड्या. पन मला कुठंतरी एकदा सांगायचंच हुतं."

माझ्या बाजूनं झालेली साक्ष ती एवढीच. लेथच्या आवाजात मित्राला ती नीट ऐकूही आली नसावी. मला आली. तेवढ्यावर मी सांगलीत राहिलो आहे.