बॉबिनला झोपवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बमरोलीच्या आमच्या जुन्या खोलीत शांतता नव्हती. ठेवायला जागाच नव्हती. दहा बाय दहात सहा माणसं आणि भिंतीपलीकडे लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, चोवीस तास खटखट! माझे वडील, आबा, त्याच खात्यात पस्तीस वर्षं कामाला. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळे आबांची कुजबुजही गल्लीच्या टोकापर्यंत जाते.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., फर्स्ट क्लास. (कुणी विचारलं नाही तरी सांगते.) बहिणी सासरी गेल्या, मला नोकरी लागली आणि माय-आबांना घेऊन मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. भाड्याच्या का होईना! जुना खडखडणारा टेबलफॅन माळ्यावर टाकला आणि घरातही शुद्ध बोलायला लागले. माय-आबांची अहिराणी मात्र सुटली नाही.

आबांनी काम सोडलं, तेव्हा पस्तीस वर्षांचं म्हणून एकच गोष्ट घरी आणली: खात्यात जन्मलेलं कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू. नाव बॉबिन, कारण ते लूमवरच्या दोऱ्याच्या रिळासारखं सारखं गरगर फिरतं. पहिल्याच रात्री ते असं रडलं, की सकाळी खालच्या मजल्यावरचे, सोसायटीचे गुजराती सेक्रेटरीकाका दारात.

"बेन, आजे फरी रड्युं तो काले मूकी आवजो!"

म्हणजे आज पुन्हा रडलं, तर उद्या सोडून या. आबांनी बॉबिनला उचलून पोटाशी धरलं.

"काळजी करू नका," मी म्हणाले, "याला शास्त्रशुद्ध पद्धत असते." मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि संध्याकाळी क्रेट घेऊन आले. जाळीचा, दाराचा, घडी होणारा.

माय बघतच राहिली. "आपन सहा जन एका खोलीमा राहिनूत. आते दोन खोल्या भेटन्यात, तं तू त्याले पिंजरामा टाकस?"

"पिंजरा नाही माय, क्रेट! त्याला ते स्वतःचं घर वाटतं."

"मंग तू झोप ना त्यामा!"

दहा वाजता दार लावलं, वर चादर टाकली. व्हिडिओत सांगितलं होतं, घरात पूर्ण शांतता हवी. बॉबिनने सूर लावला. मी जमिनीवर आडवी, एक बोट जाळीतून आत, तोंडाने "शूऽऽ". आबा मात्र त्या रडण्यात ढाराढूर!

बारा वाजता बॉबिनचे डोळे मिटले. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. जिंकले! आणि आबा ताडकन उठून बसले.

"काय व्हयनं? बंद कसाले पडनं? लूमना धागा तुटना का?"

बॉबिनने गळा काढला. खालून सेक्रेटरीकाकांनी काठीने छत ठोकलं, ठक ठक ठक!

"हां, चालू व्हयनं," म्हणून आबा समाधानाने आडवे झाले.

पद्धतीत आबांचा विचार केलेला नव्हता! एक वाजता पुन्हा तेच. बॉबिन झोपला, आबा उठले, बॉबिन उठला, आबा झोपले. दोन वाजता मला रडू आलं.

"आबा, असंच चाललं तर उद्या याला खरंच सोडून यावं लागेल."

आबांची झोप उडाली. जाळीला नाक लावून ते बॉबिनकडे बघत राहिले.

"याना जनम खातामा व्हयेल शे. याले बी आवाज लागस."

त्यांनी स्टूल ओढलं, माळ्यावरून टेबलफॅन उतरवला, खाली गोधडीची घडी घातली आणि बटण दाबलं. खड खड खड खड! बॉबिनने कान टवकारले, एक गिरकी घेतली आणि पसरला. पाच मिनिटांत बॉबिन, आबा, माय, तिघंही गाढ. खालची काठीही थांबली.

बॉबिन त्या रात्रीपासून क्रेटमध्ये झोपतो. सेक्रेटरीकाका आता त्याला बिस्किटं आणतात. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं, "पद्धत असते त्याला!"

परवा रात्री लाइट गेली. फॅन थांबला. अंधारात कुणीतरी ताडकन उठून ओरडलं, "काय व्हयनं? बंद कसाले पडनं?"

आबा आणि बॉबिन दचकून जागे झाले आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.