एक्केचाळिसावं पान

दुपारचे साडेतीन. वाचनालय चारला उघडतं. तोवर शटर अर्धं ओढून मी टेबलावर डोकं टेकतो. कपाळाखाली यादी आहे : दहा वर्षांत एकाही वाचकाने न नेल्यामुळे बाद करायची चारशे बारा पुस्तकं. खाली ग्रंथपालाच्या सहीची रेघ. पाचला अध्यक्ष येऊन सही घेणार आणि उद्या त्या रॅकांच्या जागी अभ्यासिकेची टेबलं लागणार. मी सही करणार आहे. एकतीस वर्षं पुढ्यात येईल त्या कागदावर मी सहीच केली आहे.

वर पंखा फिरतोय. ऐकता ऐकता त्याचा आवाज शिलाई मशीनचा होतो.

"उठा की, मुरलीभाऊ. गिऱ्हाईक आलंय."

बगाडे मावशी. बाजारपेठेत ब्लाउज शिवायच्या. वारून चार वर्षं झाली, मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. आत्ता मात्र त्या समोर पायमशीनवर बसल्यात, गळ्यात टेप, आणि सुईखालून कापडाऐवजी छापील पान सरकतंय. मला नवल वाटत नाही. यांना चहा सांगायला हवा, एवढंच वाटतं.

"तीन द्या," त्या म्हणतात.

दर गुरुवारची तीच मागणी. एक इतिहासाचं, एक कादंबरी, एक समाजावरचं. आणि एका कार्डावर पुस्तक मिळायचं एकच.

"मावशी, नियम..."

"नियम मला नका सांगू. फौज उपाशी मेली, हे इतिहासवाला एका ओळीत उरकतो. त्या सालचा दुष्काळ दुसऱ्याच पुस्तकात. आन् दुष्काळात बाई लेकराला काय सांगून निजवती, ते कादंबरीत. एकेक नेऊन काय करू? बाही ह्या गुरुवारी आन् पाठ पुढच्या गुरुवारी शिवू?"

आम्ही एस. टी. स्टँडवर आहोत. फलाटांना गाड्यांऐवजी आमचे रॅक लागलेत. भोंग्यातून कुणीतरी माझ्या आवाजात यादी वाचतंय. मावशी रॅकमध्ये चढतात आणि एकेक पुस्तक बाहेर काढतात.

"हे वाचलंय. हे बी. हे शेवटाला बिघडलं, मेल्याला काही सुचंना म्हणून बाईला विहिरीत ढकलली. हे गिरणीतल्या बायांवरचं, दोनदा वाचलंय."

"पण रजिस्टरात यातल्या एकाचीही नोंद नाही, मावशी."

त्या खाली बघतात. "नोंद कुणी करायची होती?"

एक पुस्तक मी त्यांच्या कार्डावर लिहायचो. उरलेली दोन काउंटरखालून पिशवीत सरकवायचो आणि म्हणायचो, कुणाला सांगू नका. वाचायला मिळालं त्या खूश, आणि नियम मोडल्याचं कुठे लिहिलेलं नाही म्हणून मी सुरक्षित. तीच पुस्तकं आज यादीत आहेत. त्यांना कुणी हात लावला नाही, असं माझंच रजिस्टर सांगतंय.

"मला वाटायचं, मी उपकार करतोय," मी म्हणतो. मला खरंच लाज वाटते.

"उपकार कसला? चोरून दिलंत. मी चोरून वाचणारी न्हवते, म्हणून खूण ठेवत गेले." पदराला टोचलेली सुई त्या काढतात. "कुठल्याबी पुस्तकाला चाळीस पानं सुधरायला देते. तोवर सुधरलं तर एक्केचाळिसाव्याला सुई."

स्टँड नाही. ओढ्याकाठचं स्मशान आहे, आणि तिथे सभेच्या खुर्च्या मांडल्यात. सगळ्या रिकाम्या. टेबलावर यादी आणि उघडं पेन.

"रिटायर व्हायला सहा महिने राहिलेत, मावशी. आता चारचौघांत अब्रू जाईल."

"मग करा सही. खाली लिहा, बगाडेबाई ह्या वाचनालयात कधी आलीच न्हाई." त्यांचा आवाज चढतो. "मी मेले, म्हणून माझं वाचलेलं बी मेलं व्हय?"

मी पेनाकडे हात नेतो. त्या माझ्या बोटात सुई टोचतात.

चार वाजलेत. बोटाला काहीही झालेलं नाही. यादीतलं एक पुस्तक नमुन्याला टेबलावर काढून ठेवलेलं आहे, गिरणीतल्या बायकांवरचं. मी एक्केचाळिसावं पान उघडतो. काही दिसत नाही. शटरखालून येणाऱ्या उन्हात धरतो, तेव्हा पानाच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं ऊन आरपार येतं. शेजारी दुसरं. हे दोनदा वाचलंय.

मग मी रॅककडे जातो. आलेल्या वाचकांना थांबा म्हणतो आणि एकेक पुस्तक खिडकीशी नेतो. पाचपर्यंत एकशे सदतीस सापडतात.

अध्यक्ष येतात. "झाली का सही?"

"नाही. होणारही नाही. ही पुस्तकं मी नियम मोडून, नोंद न करता, बगाडे मावशींना दिली होती. त्यांनी ती वाचलीत. हवं तर माझ्यावर ठराव करा."

"मुरलीधरराव, रजिस्टर काय म्हणतं?"

"रजिस्टर खोटं आहे. मीच लिहिलंय." मी शटर पूर्ण वर ढकलतो आणि त्यांच्या हातात पुस्तक देतो. "एक्केचाळिसावं पान काढा, आणि इकडे उन्हात या."