मावशींच्या होमरनला साक्षीदार हवेत

अन्याय झाला तो आमच्या बोर्डिंगात भाकरी थापणाऱ्या मावशींवर. सन एकोणीसशे बहात्तर, नाताळानंतरचा पहिला शनिवार, दुपारचे साडेचार, सातवा डाव, आमचे दोन गडी बाद. इतकं नेमकं सांगते, कारण समोरची बाजू हल्ली "नक्की कधी बुवा, आठवत नाही" असं म्हणायला लागली आहे.

समोरची बाजू म्हणजे आमचे पाळकसाहेब. माणूस चांगला आहे. माझा बाप्तिस्मा त्यांनीच केला, कॉलेजच्या फॉर्मवर सहीही त्यांचीच. पण चांगल्या माणसाने केलेला अन्याय जास्त दिवस टिकतो, कारण त्याच्याविरुद्ध बोलायची लोकांना लाज वाटते. मला वाटत नाही.

आधी वहीचं सांगायला हवं. नगरहून जामखेडला जाणाऱ्या रस्त्यावर आमची ख्रिस्ती वस्ती आहे: शाळा, बोर्डिंग, दवाखाना, चर्च आणि एक चिंच. फार पूर्वी शाळा चालवायला एक अमेरिकन साहेब आला होता. त्याला बेसबॉलशिवाय करमेना. सगळा मुलूख कुस्ती नि कबड्डी खेळतो. आम्ही सुताराने बाभळीची घडवलेली बॅट घेऊन, आत सायकलची ट्यूब कोंबून चांभाराने शिवलेला चेंडू बडवतो आणि वाळू भरलेल्या पोत्यांवरून पळतो. साहेब गेला, खेळ राहिला. वहीसुद्धा राहिली. वही म्हणजे चर्चचं रजिस्टर. पुढून बाप्तिस्मे, लग्नं आणि मर्तिकं, मागून होमरन, म्हणजे एका टोल्यात चारही पोती फिरवणारा फटका. उगाच कुठलाही होमरन नाही, चेंडू चिंचेपलीकडे पडला तरच नोंद. नाव, दिवस, चेंडू पडल्याची जागा, आणि दोन साक्षीदार, जे खेळत नव्हते आणि ज्यांनी चेंडू पडताना स्वतः पाहिला. लग्नात फसवाफसवी होते तशी खेळातही होते, असं साहेबाचं मत होतं म्हणे.

आजवर अकरा नोंदी आहेत. सगळ्यांत लांबची पाळकसाहेबांची, तरुणपणची, चिंचेपुढे बावीस पावलं. रस्त्याच्या अलीकडे. त्यावर ते प्रवचन करतात. वर्षातून एकदा तरी करतातच.

मावशींना बेसबॉल माझ्यामुळे लागला. साहेब जाताना विक्रमांचं एक जाडजूड पुस्तक आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा टाकून गेला होता. शाळेत असताना मी संध्याकाळी चुलीपाशी बसून ते इंग्रजी मोडूनतोडून मराठीत सांगायची आणि मावशी भाकरी फिरवता फिरवता ऐकायच्या. पोट सुटलेला गडी सगळ्यांत जास्त चेंडू कसा काय बाहेर मारतो, याचं त्यांना भारी नवल. "पळावं लागत नसंल ना त्याला, म्हनून मारतोय," असा त्यांनी निकाल दिला. कोण किती सामने न चुकता खेळला, कुणी एका वर्षात किती मारले, सगळं त्यांना तोंडपाठ. नावं लक्षात राहत नसत, आकडे राहत.

एकदा मासिकात एक लेख सापडला. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना कित्येक वर्षं मोठ्या संघांत घेतच नव्हते. ते आपापसात वेगळे सामने खेळायचे, आणि त्यांतले होमरन या जाड पुस्तकात नाहीत. मी तावातावाने वाचून दाखवलं. मावशींचा हात परातीतच थांबला.

"म्हंजी मारलं, पन लिवलं न्हाई?"

"नाही लिहिलं."

"मग ते चेंडू गेले कुठं?"

मी आजवर पंधरा-वीस पत्रकं लिहिली आहेत. इतका सरळ प्रश्न मला एकातही विचारता आलेला नाही.

आता तो शनिवार. नाताळाचा सामना बोर्डिंग विरुद्ध दवाखाना असतो. त्या साली दुष्काळ. निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली, आमच्याकडे नऊ गडी भरेनात. मी कॉलेजातून सुट्टीवर आले होते, मला घेतलं. तरी एक कमी. मावशी चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांना म्हटलं, नुसतं उभं राहायचं. त्यांनी पदर खोचला आणि बॅट हातात तोलून बघितली. "कुऱ्हाडीपरीस हलकी हाय," म्हणाल्या. बोर्डिंगची सगळी लाकडं त्याच फोडतात.

दवाखान्याकडून चेंडू टाकायला पाळकसाहेब. वय अठ्ठावन्न, पण चेंडू अजून झोंबतो. मी आधीच्या टोल्यावर पळून दुसऱ्या पोत्यावर पोचलेली. त्यांनी मावशींना हळूच, देणगी दिल्यासारखा, एक चेंडू टाकला. मावशींनी सोडून दिला.

"नीट टाका की वो साहेब. मी काय आजारी हाय का?"

साहेबांनी नीट टाकला. पुढचा आवाज मी ऐकला, आणि पळाले. इथेच माझी चूक झाली. नियमाप्रमाणे पुढे बघून पळाले, मागे बघितलं नाही. बघणारे म्हणाल तर चार म्हातारे बाकावर बसलेले, चिंचेकडे तोंड करून. म्हणजे मावळतीकडे. "उन्हं डोळ्यांवर हुती, पोरी," चौघांनीही सांगितलं. एक तर म्हणाला, "आवाज मातूर लई चांगला आला."

पण रस्त्यावर जामखेडची एसटी उभी होती. इंजिन तापलेलं, ड्रायव्हर आमच्या विहिरीवर पाण्याचा डबा घेऊन आलेला. खिडक्यांतून एकदम आरडाओरडा झाला, आणि गाडीच्या पलीकडून, नीट ऐका, रस्त्याच्या पलीकडून, कंडक्टरने चेंडू परत फेकला.

मावशी चारही पोती फिरून आल्या, किटली उचलली आणि विचारलं, "झालं का लिवून?"

झालं नाही. पाळकसाहेबांचं म्हणणं, चेंडू चिंचेच्या अलीकडे पडला आणि घरंगळत गेला. जमीन दुष्काळाने तव्यासारखी कडक झालेली, तिच्यावर गोटीसुद्धा जामखेडला पोचेल. थोडक्यात, मावशींनी दुष्काळाचा गैरफायदा घेतला. सरकारने नाही, व्यापाऱ्यांनी नाही, मावशींनी.

मी त्या रात्रीच पत्रक लिहिलं. चेंडू टाकणारा तोच, विक्रम ज्याचा मोडला तो तोच, वही ज्याच्या कपाटात तो तोच! कॉलेजातून शंभर प्रती काढून आणल्या आणि चर्चच्या दारात वाटल्या. पाळकसाहेबांनी एक मागून घेतली आणि सूचनांच्या वेळी व्यासपीठावरून सबंध वाचून दाखवली, गायनाची तालीम आणि कुणाची तरी हरवलेली छत्री यांच्या मधे. वाचतातही छान. पत्रकातली हवा गेली. वर म्हणाले, "दोन साक्षीदार आणा. याच हाताने लिहीन." आणि खरोखरच वहीत बारावा आकडा घालून पुढची ओळ कोरी सोडली.

कंडक्टरला शोधायला मला दोन महिने लागले. त्याची बदली संगमनेरला झालेली. तिथल्या स्टँडवर गाठला. "चेंडू मीच फेकला, ताई. पन पडताना न्हाई बगितला. तिकिटं फाडत हुतो. त्या अंगाच्या खिडक्यांतल्यांनी बगितला, लई वरडत हुते."

मग मी दुसरी चूक केली. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना आणलं. सही करा म्हटलं, कोण विचारतंय. त्या तयार होत्या. मावशींनी त्यांना जेवायला वाढलं, मग विचारलं, "तुमी हुता का गं त्या दिशी?" पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

"न्हवत्या ना? मग भाकरी खा आन जा." मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, त्या वहीत मी तीनदा हाय. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, तमक्याची विधवा. मागल्या पानावर नुसतं नाव लिवत्यात. कुनाची कोन लिवत न्हाईत. तेवढं एक मला पायजे. पन तिथं खोटं लिवलं तर मग ते नाव तरी माझं कसं?"

मी सहीचं पेन पिशवीत टाकलं आणि मावशींच्या शेजारी भाकऱ्या थापायला बसले. माझ्या ओळखीच्या लोकांना हे खरं वाटणार नाही.

आता येत्या ईस्टरला पाळकसाहेब निवृत्त होताहेत. नव्या पाळकांना बेसबॉल म्हणजे काय ते ठाऊक नाही. जुनी रजिस्टरं बांधून नगरला पाठवायची असं ठरलंय. एकदा गाठोडं बांधलं की बारावी ओळ कोरीच राहणार. मी परवा साहेबांना पुन्हा भेटले. चष्मा पुसत म्हणाले, "मलाही वाटतं कधी कधी, की तो वरूनच गेला. पण मी खेळत होतो. माझी साक्ष चालत नाही."

तेव्हा हे तुम्हाला विचारते आहे. बहात्तरच्या नाताळानंतरच्या शनिवारी जामखेडच्या गाडीत चिंचेच्या अंगाच्या खिडकीला बसला होता का? गाडी पाण्यासाठी थांबली होती, आठवतंय? मग ईस्टरच्या आत कुठल्याही रविवारी या, उपासना संपली की. चेंडू हवेतून गेला असेल तर तसं सांगा, घरंगळत गेला असेल तर तसं सांगा, पण या. भाडं मी देते, जेवण मावशी देतील. सही येत नसेल तर अंगठा चालतो.