बर्फातला पालक आणि पितळी कढई

सुनेच्या फ्रिजमध्ये गोठलेल्या पालकाचं पाकीट दिसलं की माझं डोकं अजूनही फिरतं. ती बिचारी म्हणते, "आई, तुमच्या हातची लसणाची भाजी करा ना." मी करते, पण करताना तोंडाचा पट्टा सुरू असतो. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी पालकाशी भांडून राहिली. भांडण पालकाशी नाही, भिलाईच्या सेक्टर दहामधल्या एका बाईशी आहे. ती बाई जाऊनही आता कैक वर्षं झाली, पण माझं भांडण काही मिटलं नाही.

तेव्हा भिलाईत रशियनांच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. माझा नवरा तिथं खलाशी होता, म्हणजे अवजड लोखंड दोरखंडानं वर चढवणारा. आम्ही भंडाऱ्याकडचे. दीक्षा घेतली, घरातले देव काढले आणि दोन-तीन वर्षांत इकडे आलो. सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. मी सेक्टर दहामध्ये एका इंजिनियरसाहेबांच्या बंगल्यात झाडू-पोछा आणि भांडी करायला लागले. भांडी मागच्या अंगणात, नळाखाली; घासलेली भांडी महाराज पुन्हा पाणी ओतून आत न्यायचा. हा महाराज म्हणजे त्यांचा ब्राह्मण स्वयंपाकी; त्याच्या स्वयंपाकघरात मी पाय ठेवत नव्हते.

लपवाछपवी मला जमत नाही. पहिल्याच दिवशी बाईंना सांगून टाकलं, आम्ही बौद्ध. त्या पुण्याकडच्या. हसून म्हणाल्या, "अगं, आम्ही तसलं काही मानत नाही. फक्त स्वयंपाकघर महाराजांचं आहे, त्यांना कुणी आलेलं खपत नाही." मला ते पटलं. घरी येऊन नवऱ्याजवळ बाईंची तारीफही केली. काय अक्कल होती माझी!

बाईंकडे फ्रिज आला होता. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन कुटुंबाकडून साहेबांनी तो घेतला होता. थंडीत पालक स्वस्त झाला तेव्हा बाईंनी तो उकळत्या पाण्यातून काढून, डब्यात दाबून, वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. उन्हाळ्यात भिलाईत पालेभाजी दिसायची नाही. बाई सगळ्यांना सांगत फिरायच्या, मी मे महिन्यात हिरवा पालक खाऊ घालीन. मला त्याचं एवढं नवल नव्हतं. आमच्याकडे लाखोरीचा, म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपाचा, पाला वाळवून मडक्यात भरून ठेवतात, तो उन्हाळाभर पुरतो. माझ्या डब्यात तीच भाजी असायची. मागच्या पायरीवर डबा उघडला की बाई आतून विचारायच्या, "काय गं, लसणाचा एवढा छान वास कसला?"

मेमधल्या एका रविवारी दुपारी त्यांनी दुसऱ्या एका रशियन साहेबांना आणि त्यांच्या मॅडमला जेवायला बोलावलं. महाराजांनी बर्फाचा तो गोळा तसाच पातेल्यात टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. झाकण उघडलं तर आत हिरवं डबकं. महाराज हात झटकून मोकळे. "बाईजी, ये घास हमसे नहीं होगी," म्हणाले आणि समोरच्या व्हरांड्यात विडी ओढत बसले. पाहुणे यायला तासभर उरला होता. बाई रडकुंडीला आल्या, धावत अंगणात आल्या आणि माझे राखेचे हात धरून म्हणाल्या, "एक डबा अजून शिल्लक आहे. तुमच्या त्या वाळल्या भाजीसारखं काहीतरी कर. आजची वेळ निभावून ने गं, उद्यापासून स्वयंपाक तूच कर. महाराजांचं मी बघते."

माझे हात धरून म्हणाल्या. हे मी विसरणार नाही.

स्वयंपाकीण! झाडू सुटणार होता. अंगणातून आत जायला मिळणार होतं, पगारही वाढला असता, पण खरं सांगायचं तर मला आत जायचं होतं. हातपाय धुऊन मी उंबरा ओलांडला. बाई साडी बदलायला गेल्या. मी डबा गरम पाण्यात उभा केला, गोळा सुटला. गोठलेली भाजी मी जन्मात पाहिली नव्हती. म्हटलं, वाळवून भिजवलेली काय न गोठलेली काय, दोघींच्या अंगात नको तेवढं पाणी. लाखोरीची भिजलेली भाजी जशी पिळतो तसा तो पालक मी दोन्ही तळव्यांत धरून पिळला. हिरवं पाणी मनगटापर्यंत आलं. शेवटचा थेंब निघेस्तोवर पिळला, मग बोटांनी मोकळा केला.

ओट्यावर जाड बुडाची, नव्यानं कल्हई केलेली पितळी कढई होती. ती चांगली तापवली. तेल, जिरं, आणि मूठभर लसूण ठेचून. बारीक चिरून नाही, ठेचून. लसूण लाल झाला की सुकी मिरची तोडून टाकली, मग पालक. झाकण नाही, आच मोठी. भाजी तळाला लागू लागली तेव्हा भाजलेल्या तिळाचा कूट आणि सगळ्यात शेवटी मीठ, कारण पालक आटून एवढासा होतो आणि आधी मीठ टाकणारी फसते. वरून लिंबू पिळलं.

पाहुण्यांनी वाटी पुसून खाल्ली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून सगळं पाहिलं. मॅडमनं तीनदा मागितली. बाईंनी दोनदा घेतली, बोटं चाटली. त्यांच्यासोबत आलेल्या दुभाष्यानं विचारलं, कुणी केली? बाई म्हणाल्या, "मीच. आमच्याकडची पद्धत आहे." मला थोडं लागलं, पण म्हटलं जाऊ दे, उद्यापासून ओटा माझाच आहे. मॅडमनं उद्या अकराला शिकायला येते म्हणून सांगितलं.

मी निघाले तेव्हा बाई मागच्या दारात आल्या. कढई पायरीवर ठेवलेली होती. म्हणाल्या, "ही तुला. बक्षीस. घेऊन जा."

अख्खी पितळी कढई! मी ती कमरेवर घेऊन सेक्टर दोनपर्यंत चालत आले. क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्या बायांना दाखवली. "उद्यापासून मी बंगल्यात सैपाक करनार वं," असं दारोदार सांगून आले. संध्याकाळी नवरा ड्युटीवरून आला, त्याच्यापुढे कढई ठेवली.

तो हसला नाही. कढई उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "एवढी खुश कावून होऊन राहिली?"

"बाईनं बक्षीस देल्ली मले."

"कोन देते भांडेवालीले पितळी कढई? नवी कल्हई केलेली? थाळी देल्ली का? वाटी देल्ली का? तू ज्याच्यात सैपाक केला तेवढीच देल्ली न?"

मी कढई आपल्याकडे ओढली.

"बाटली म्हणून देल्ली वं," तो म्हणाला. "चुलीवर चढवता येत नाही आता तिले."

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी नवऱ्यावरच ओरडले, तुले सगळीकडे तेच दिसते म्हणून. मग कढईकडे पाहिलं आणि कळलं की त्याचं खरं आहे. दारोदार मिरवून आले होते मी! माझा अपमान माझ्याच कमरेवर बसवून बाईंनी पाठवला, आणि मी तो ओळीतल्या प्रत्येकीला दाखवला. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती लाज माझी नव्हती म्हणून दुप्पट राग येतो.

सकाळी कढई घेऊन बंगल्यावर गेले. मागच्या दारातून पाहिलं तर स्वयंपाकघराची फरशी ओली, ओट्याला हळदीच्या पाण्याचे डाग, आणि महाराज आपल्या जागी पोळ्या लाटतात. बाई लगबगीनं आल्या. "बरं झालं लवकर आलीस. महाराजांना सांग ती भाजी कशी केलीस. इथूनच सांग, बाहेरून. अकराला मॅडम येणार आहेत."

मी म्हटलं, "बाई, आजपासून सैपाक मी करनार होती न?"

"अगं, ते घाईत बोलले मी. माझं काही नाही गं, महाराज ऐकत नाहीत. आणि तुला कढई दिली की!"

गरज सरो, वैद्य मरो. मी कढई पुढे धरली. "मंग ही वापस घ्या. ह्याच्यातच जमते ते भाजी."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. हात पदरात गेले. कालच्या त्याच हातांनी माझे राखेचे हात धरले होते.

"घ्या न हातात," मी म्हटलं. "तुमी तं काही मानत नाही."

"तमाशा करू नकोस."

"भाजी दोनदा मागून खाल्ली तुमी. पोटात गेली ते चालली, कढई चुलीवर चालत नाही? पोट कशानं धुतलं मंग? हळदीनं?"

महाराजांचं लाटणं थांबलं. बाईंचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"उद्यापासून कावून? आजपासूनच!" असं म्हणून मी वळले. भाजी पिळायची असते हे काही मी सांगितलं नाही.

समोरच्या फाटकाशी वेळेआधीच जीप येऊन थांबली होती. रशियन मॅडम एकट्याच उतरल्या, हातात वही-पेन्सिल. माझ्या कढईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पालक?" आदल्या दिवशी मी दाराआड उभी होते ते त्यांनी पाहिलं असावं. मी मान हलवली आणि माझ्या छातीवर हात ठेवला. मी. मी केली. मग कढई कोपरात धरून दोन्ही तळवे एकमेकांत दाबून जोरानं पिळून दाखवलं. त्यांना लगेच समजलं. त्यांनीही तसंच पिळून दाखवलं आणि हसल्या. मग हात पुढे करून माझ्या कमरेवरची कढई घेतली, दोन्ही हातांनी, बुडाला हात लावून, आणि नाकाशी नेऊन लसणाचा वास घेतला. बाई व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या.

माझे डोळे भरून आले. वाटलं, पाया पडावं या बाईच्या.

त्याचाच मला आजवर सगळ्यात जास्त राग आहे. काय केलं होतं तिनं असं मोठं? एक भांडं हातात घेतलं होतं. तेवढ्यासाठी कुणाचे पाय धरावेसे वाटावेत, इथवर आणून ठेवलं होतं मला.