एक दिवस आड येणारी उष्णता

इथले अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचतोय, लिहायची हिंमत आज केली. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमचं घर बौद्ध, अंगारा-धुपारा, उतारे, लिंबू-मिरची यातलं काहीही आमच्या उंबरठ्याच्या आत कधी आलं नाही. आई सरकारी नर्स होती. अहेरी, एटापल्लीच्या जंगल भागात तिची निम्मी नोकरी झाली, आणि झाडफूक करणाऱ्या भगताच्या अंगणातून पेशंट उचलून दवाखान्यात आणल्याचे किस्से ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे "तुम्हाला भास झाला असेल" असं कोणी म्हटलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

२००८ ची गोष्ट. बल्लारपूरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी एक खटाटोप मांडला होता. कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड करायचा, आणि ते पाणीही साधं नाही, तर पेल्टियरच्या चकतीने गार केलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी - पेल्टियर म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी चकती. तिला वीज दिली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. गार बाजूने प्रोसेसरची उष्णता ओढायची, तापलेल्या बाजूला पाणी खेळवून ती बाहेर फेकायची. एवढंच.

प्रोसेसर जळू नये म्हणून आधी त्याच्या जागी एक छोटा हीटर बसवला आणि चाचणी सुरू केली. चाचणी सोपी आहे. हीटरची वीज अधिक चकतीची वीज, जेवढी आत गेली तेवढीच उष्णता पाण्यातून बाहेर यायला हवी. पाणी एका मिनिटात किती वाहतं आणि आत जाताना-बाहेर येताना किती अंशांचा फरक पडतो, हे मोजलं की झालं. भारनियमनाचा त्रास नको म्हणून सगळं ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालवत होतो.

पाणी खेळवायचा तांब्याचा ब्लॉक मात्र मला जमणारा नव्हता. तो रफीकने बनवून दिला. आमच्या गल्लीत सलीमभाईंचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, रफीक त्यांचा धाकटा भाऊ. तांब्याच्या कामात त्याचा हात असा, की जोड कुठे आहे ते बोट फिरवून कळायचं नाही. पावसाळ्यात दोघा भावांचं वाजलं. रफीकला दुकानात राहायचं नव्हतं, वायरिंगची स्वतंत्र कामं घ्यायची होती. रागाच्या भरात सलीमभाई म्हणाले, "जा, पण मग परत तोंड दाखवू नको." तो खरंच गेला. एटापल्लीच्या आतल्या भागात एका आश्रमशाळेच्या वायरिंगचं काम मिळालं, एवढंच कळलं होतं. तिकडे मोबाईलला रेंज नाही. ईदलाही तो आला नाही. सलीमभाई त्याचं नाव काढत नसत.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि मी रोज सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला आकडे लिहायला लागलो. पहिला दिवस झकास. जेवढं आत तेवढं बाहेर, पाच-सात वॅटचा फरक, तोही खोलीच्या हवेमुळे.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास बाहेर येणारी उष्णता एकदम कमी झाली. पंचवीसेक वॅट गायब. तासाभराने उलटंच - आत दिली त्यापेक्षा पन्नास वॅट जास्त बाहेर! चार वाजेपर्यंत तसंच, मग हळूहळू सगळं जागेवर. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा. बाराला कमी, एक वाजता जास्त, चारनंतर ठीक.

मी थर्मामीटर बदलले. पंप बदलला. बाटली आणि घड्याळ घेऊन पाण्याचा वेग हाताने मोजला. बॅटरीचं व्होल्टेज तर डोळ्यांसमोर होतं, काटा हलत नव्हता. सहावा दिवस - पुन्हा तेच. न दिलेली उष्णता पाण्यात येते कुठून? मी स्वतः पोरांना फळ्यावर लिहून देतो की हे होऊच शकत नाही...

आठव्या दिवशी मी सलीमभाईंना बोलावलं. गारव्याचं काम ते वीस वर्षं करत होते, माझी चूक त्यांना दिसेल असं वाटलं. बाराला दहा मिनिटं होती. त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "पहिले सब बंद कर. पंप भी, चकती भी. मग बघू."

मी सगळ्या वायरी काढल्या. खोली शांत झाली. पारदर्शक नळीतलं पाणी थांबलं... आणि मग थरथरायला लागलं. पंप बंद, पंखा बंद, रस्त्यावर गाडी नाही. नळीत बारीक बारीक लहरी, थांबून थांबून. थंडी वाजणाऱ्या माणसाची हनुवटी थरथरते ना, तशा. ते तासभर चाललं. मग सलीमभाईंनी ब्लॉकवर तळहात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला.

"भाजलं?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पोराच्या कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटून राह्यलं, यार."

मी चटकन वायरी परत जोडल्या. का, ते सांगता येणार नाही. बंद ठेवू नये असं वाटलं, एवढंच.

आई चहा घेऊन आली ती याच वेळी. टेबलावर माझी वही उघडी होती. आकड्यांचा आलेख काढला होता, सात दिवसांचा, पेन्सिलने. तिने चष्मा वर केला.

"हा कोणाचा चार्ट आहे रे?"

"कोणाचा नाही आई, मशीनचा आहे."

"मशीनले काऊन मलेरिया होईल?" ती हसत म्हणाली आणि बोट ठेवून दाखवू लागली. "हे पाहा. एक दिवस आड. आधी थंडी वाजून येते, मंग ताप चढते, मंग घाम फुटून उतरते. वेळसुद्धा तीच. असे चार्ट मी हजार भरले असतीन."

आम्ही कोणीच हसलो नाही, तेव्हा तीही थांबली. ब्लॉककडे बघून तिने विचारलं, "हे तांब्याचं कोणी केलं?"

"रफीकनं," सलीमभाई म्हणाले.

"तो कुठी आहे सध्या?"

"एटापल्लीकडे, आत कुठंतरी."

"शेवटचा निरोप कधी आला?"

"दोन महिने झाले, बाई."

आईने चहाचा ट्रे खाली ठेवला. "तुमच्या मशीनचं मले काही समजत नाई. पण ह्या दिवसांत एटापल्लीत गेलेला माणूस दोन महिने गप आहे, एवढं मले समजते. उद्या सकाळची आलापल्लीची गाडी धरू. मी येतो संगं. मले तिकडचे लोक ओळखतेत."

"त्याला मी येऊ नको म्हटलं होतं," सलीमभाई म्हणाले.

"त्याले म्हटलं ना? आपण जाऊन राह्यलो."

मीही निघणार होतो. पण आई दारातून वळून म्हणाली, "तू इथीच राह. आणि हे बंद करू नको." ज्या बाईने आयुष्यभर भगतांशी भांडण केलं, ती हे म्हणाली.

दुसरा दिवस साधा गेला. ते दोघं संध्याकाळी एटापल्लीला पोचले असणार, असा अंदाज. त्यानंतरचा दिवस तापाच्या पाळीचा होता.

तो दिवस मी विसरणार नाही. पावणेबारालाच उष्णता घसरली, इतकी खाली ती आधी कधी गेली नव्हती. एक वाजता चढायला लागली. पन्नास, साठ, पंचाहत्तर. दोन वाजता नव्वद वॅट जास्त! गरम बाजूची नळी मऊ पडली. मी पाण्यात बर्फ टाकायला लागलो, शेजारच्या दोन घरांतला बर्फ मागून आणला. एका बॅटरीचा जोर कमी होत होता, ती घाईने बदलली. मी कोणासाठी काय करतोय, हे मनातसुद्धा स्पष्ट म्हणायची माझी तयारी नव्हती. फक्त पाणी थांबू द्यायचं नव्हतं.

साडेतीननंतर आकडा एकदम कोसळला. सत्तर, तीस, दहा... आणि शून्य. जेवढं आत तेवढंच बाहेर. गेले नऊ-दहा दिवस मला हेच हवं होतं, आणि आता ते बघून मी पुन्हा पुन्हा थर्मामीटर तपासत होतो. मी खुर्चीत बसून राहिलो. ताप उतरला, की माणूसच गेला, हे त्या आकड्यावरून कळत नव्हतं.

साडेसहाला घरचा फोन वाजला. आई एटापल्लीच्या दवाखान्यातून बोलत होती.

"सापडला रे. शाळेले सुट्टी लागली, पोरं, मास्तर सगळे आपापल्या गावी. हा एकटाच सामानाच्या खोलीत पडला होता. बाजूच्या घरची एक माडिया बाई पाणी पाजत होती म्हणून टिकला. आम्ही पोचलो तं दातखीळ बसलेली, शुद्ध नाई. जीपमध्ये टाकून आणला, सुई दिली, सलाईन लावली. आता घाम फुटून डोळे उघडले त्यानं."

"किती वाजता उतरला ताप?"

"पावणेचारले. मीच लिहिलं चार्टवर." मग हळू आवाजात - "तुझ्या इकडे?"

मी सांगितलं. मागून सलीमभाईंचं रडणं ऐकू येत होतं.

आठ-दहा दिवसांनी रफीक घरी आला. गालफडं बसलेली, डोळे पिवळे. डॉक्टर आईला आणि सलीमभाईंना म्हणाले होते की इतके दिवस बिनऔषधाचा हा जगलाच कसा. मी मशीनबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो, आईने आणि सलीमभाईंनीही नाही, हे मी दोघांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आहे. रफीक स्वतःहून आईला म्हणाला, "बाई, एक गंमत सांगू? ताप लई चढला की असं वाटायचं, छातीच्या आतून कोणी थंडगार पाणी सोडून राह्यलं. एका बाजूनं येते, दुसऱ्या बाजूनं जाते. तेवढं बरं वाटायचं."

मशीन तोवर चालूच होतं. वीस-एक दिवस मी बॅटऱ्या बदलत होतो. बंद करायची माझी छाती होत नव्हती. शेवटी एका दुपारी सलीमभाई रफीकला घेऊन आले. त्याला खाटेवर बसवलं, त्याचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली. रफीकला काही कळेना. "भाई, झालं काय?" तो विचारत राहिला.

"कर बंद," सलीमभाई मला म्हणाले.

मी वायर काढली. पंपाचा आवाज थांबला. नळीतलं पाणी थांबलं, तसंच स्थिर राहिलं. सलीमभाईंचे ओठ हलत होते, ते ठोके मोजत होते. दोन मिनिटं झाली, पाच झाली... रफीक वैतागून म्हणाला, "अरे काय करून राह्यले तुम्ही दोघं? मले भूक लागली." तेव्हा कुठे त्यांनी त्याचा हात सोडला.

नंतर तीच मांडणी, त्याच ब्लॉकसकट, मी अनेकदा चालवून पाहिली. एकदाही फरक आला नाही. नागपूरच्या एका जुन्या सरांना वही दाखवली. ते म्हणाले, थर्मामीटरची चूक. असेलही. पण थर्मामीटर मी दोनदा बदलले होते. मी आजही वर्गात शिकवतो की जेवढी ऊर्जा आत तेवढीच बाहेर, आणि ते खरंच आहे. त्या दहा दिवसांत आत कोणत्या वाटेने आली, एवढंच मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.