उशाखालचं स्टेम

आमच्या मावशीइतकं मन लावून झोपणारं माणूस मी उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरं पाहिलेलं नाही. आपण दमतो म्हणून झोपतो. मावशी मात्र एखादं काम अंगावर घ्यावं तशी झोपते. घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू आधी एक रात्र तिच्या उशाशी मुक्कामाला असते. रात्री मावशीला स्वप्न पडतं आणि सकाळी चहाबरोबर त्या वस्तूचा निकाल लागतो. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधला तिचा सगळा संसार असा झोपेत निवडलेला आहे. एकदा मी तिला नवा मिक्सर आणून दिला होता. दुसऱ्या दिवशी तो खोक्यासकट दारात उभा. "रातभर तोच बोलत होता बाबू, मले तोंडच उघडू देल्लं नाई," मावशी म्हणाली, "घरात बोलणारी मी एकटी पुरे." सोफ्याचं तर त्याहून वाईट झालं. स्वप्नात त्याच्यावर पाहुणे येऊन बसले आणि काही केल्या उठेनात. सोफा परत गेला, आणि आजही तिच्याकडे गेलेला माणूस लाकडी खुर्चीवर बसतो आणि वेळेत उठतो.

लग्नाच्या वेळी तिने मावसाजींचा फोटो असाच उशाखाली ठेवला होता, असं घरात सगळे सांगतात. स्वप्नात मावसाजी एका एसटीच्या दारात उभे होते आणि लोकांना रांगेने आत सोडत होते. "मले जागा भेटली का नाई ते दिसलं नाई," मावशी सांगते, "पण झोप लई चांगली लागली. म्हणून हो म्हटलं."

स्वप्न अगदी बरोबर होतं. मावसाजी म्हणजे रांग. त्यांचं सगळं आयुष्य औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेलं आणि तिथले नियम ते रोज डब्याबरोबर घरी घेऊन आले. घरातला बल्ब बदलायचा तरी ते मेन स्विच बंद करून त्याच्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी लटकवत. घरात माणसं दोन, त्यातलं एक स्टुलावर आणि दुसरं स्टूल धरून उभं. पाटी कोणासाठी होती ते मला कधी कळलं नाही. कुकर बिघडला, पंखा थांबला, मावशी रुसली, सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता, 'ट्रिप झाली.' रुसव्याचं कारण मात्र ते बारकाईने शोधत.

या घरात सायकल आली ती त्यांच्या मुलीची. मुलगी लहानपणी धाडसी होती. तिला बीएमएक्स हवी होती, म्हणजे ती बुटकी, छोट्या चाकांची, उंच हँडलची सायकल, जिच्यावर पोरं उड्या मारतात. पुढे मुलगी मोठी झाली, लग्न होऊन रायपूरला गेली आणि सायकल मागच्या पडवीत राखेची पुटं अंगावर घेत पडून राहिली. आमच्याकडे कोळशाची राख सगळ्यांच्याच अंगावर बसते. एका सकाळी मावशी ती सायकल पुसायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती पुढच्या दारातून, सायकलवर बसून. मूल गावाकडची, धानाच्या बांध्यांतून मोठी झालेली ही बाई कधी सायकल शिकली, हे तिच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. बुटक्या सायकलला बुटकी मावशी इतकी शोभली, की कंपनीने तिलाच नजरेसमोर ठेवून ती बनवली असावी असं वाटे.

तेव्हापासून रोज सकाळी, शिफ्टची बस गेली की मावशी निघायची. अंगात पंजाबी ड्रेस, डोक्यावर मावसाजींचं प्लांटमधलं पिवळं हेल्मेट. उड्या वगैरे तिने कधी मारल्या नाहीत. तिला कुठे पोचायचंही नसे. कॉलनीच्या रस्त्यावर कडुनिंबाची सावली, वर कूलिंग टॉवरची पांढरी वाफ, आणि त्या दोन्हींच्या मधून मावशी पायडल मारायचं विसरत, आठवत, तोंड जरासं उघडं ठेवून जात असे. समोरून ओळखीचं कोणी आलं तर ती हात करायची नाही, नुसती हसायची, आणि तेही तो माणूस पुढे निघून गेल्यावर. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढा कसला विचार करतेस गं?" तर म्हणाली, "विचार नाई करत बाबू. तेवढा वेळ तो बंद असते."

आणि मग तिचा खांदा आखडला. कशाने ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. हात पुढे लांबवला की कळ यायची. डॉक्टर भला माणूस. सायकल सोडा म्हणाला नाही, हात ताणू नका म्हणाला. पण हँडल दूर आणि मावशीचे हात आखूड. ताणल्याशिवाय ती चालवणार कशी? सायकल परत पडवीत गेली. मावशी बोलेनाशी झाली आणि मावसाजी कारण शोधू लागले.

त्यातच मावसाजींची रिटायरमेंट आली. क्वार्टर सोडायचं, मूलला बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात जायचं. ट्रक एकच, आणि त्यात काय जाईल, कुठल्या क्रमाने जाईल हे मावसाजींनी पक्कं केलेलं. सायकल त्यात नव्हती. "चालत नाई ते यंत्र मी नेत नाई," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "चालवून दाखवली तर?" मावसाजींनी घोटभर चहा पिऊन अट घातली: निघायच्या दिवशी सकाळी क्वार्टरपासून धरणाच्या रस्त्यावरच्या फाटकापर्यंत जायचं आणि यायचं. मध्ये उतरायचं नाही, पाय टेकायचा नाही. जमलं तर सायकल ट्रकमध्ये, नाही तर शेजाऱ्यांकडे. मावशीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि मला मावसाजींचा राग आला होता, हे मी इथे सांगूनच टाकतो.

उपाय मी शोधला. हँडलची नळी आणि पुढचं चाक धरणारा चिमटा यांना जोडणारा एक मुठीएवढा तुकडा असतो, त्याला स्टेम म्हणतात. तो आखूड बसवला तर हँडल आपल्याकडे सरकतं. तोटा एकच, हँडल फार हलकं होतं, जरा हात हलला की चाक वळतं. मावशीला इतकं सांगून मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि जटपुरा गेटच्या आतल्या एका सायकलवाल्याकडे नेलं. त्याने काउंटरवर पाच-सहा स्टेम मांडली. मी मोजायची पट्टी काढली. मावशीने पट्टी माझ्या खिशात परत ठेवली आणि दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, हे एक आज मुक्कामी नेतो. सकाळी सांगतो."

"मुक्कामी?" दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी मान खाली घातली.

पहिलं स्टेम चकचकीत होतं, पण जुन्यापेक्षा फारसं आखूड नव्हतं. सकाळी मावशी म्हणाली, "रातभर वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढून राह्यली होती. बोटं लागत होती, बरणी येत नव्हती." ते परत गेलं. दुसऱ्याने तिला बोरीखाली उभं केलं. बोरं हाताशी होती, पण प्रत्येक बोराला काटा. तेही परत. दुकानदार आता माझ्याशी बोलेनासा झाला होता, तो थेट मावशीलाच विचारायचा, "काकू, काल काय दिसलं?" आणि गिऱ्हाईक खोळंबून ठेवून ऐकत बसायचा. शेवटी त्याने आतून सगळ्यात आखूड स्टेम काढलं. त्याच्यावर धूळ होती. एवढं आखूड आमच्याकडे कोणी घेत नाही, चालवणारा घाबरतो, असं तो म्हणाला. त्या रात्री मावशी जेवण लवकर आटोपून झोपायला गेली.

सकाळी मी गेलो तर ती अंगणात बसली होती आणि चहा निवला होता. "डोंग्यात बसली होती बाबू," ती सावकाश म्हणाली. "आमच्याकडच्या बोडीत. वल्हं नाई, काई नाई. हात मांडीवर. मी जिकडे पाह्यलं, तिकडे डोंगा वळे. कमळाकडे पाह्यलं, कमळाकडे गेला." मग बराच वेळ ती गावाकडच्या त्या छोट्या तळ्यातच होती. तेवढ्या वेळात मीही तिथे जाऊन आलो.

स्टेम बसवायला मी घेतलं. मावसाजी पेपर वाचत होते. या सायकलीशी आपला संबंध नाही हे दाखवायला त्यांनी पेपर उंच धरला होता. मी एका बाजूचे बोल्ट घट्ट केले आणि पेपर खाली आला. "असे कसतात काय? एकाच अंगानं? आमनेसामने कसा, थोडे थोडे." मी पुन्हा चुकलो. मग त्यांना राहवेना. ते उठले, माझ्या हातातली किल्ली घेतली आणि टर्बाइनचं झाकण लावावं इतक्या निगुतीने त्यांनी ते चार बोल्ट आलटून पालटून कसले. कसून झाल्यावर हँडल हलवून पाहिलं, चाक सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि पुन्हा पेपरमागे गेले. आपली अट मावशीला जिंकता यावी याची सोय आपणच करून ठेवतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, कोण जाणे. मला विचारायचं धाडस झालं नाही.

पहिल्या दिवशी मावशी मेंदीच्या कुंपणात गेली. दुसऱ्या दिवशी समोरच्या कुंपणात. "याले मनातलं कळते," ती केसांतली पानं काढत म्हणाली, "आता विचारच सावकाश करावा लागन." ते तिला सहज जमलं. खांदा दुखत नव्हता, कारण हात खरंच मांडीवर असल्यासारखे होते.

निघायचा दिवस थंडीचा होता. धुकं कुठे संपतं आणि टॉवरची वाफ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. ट्रक दारात उभा होता. मावसाजी घड्याळ घेऊन ट्रकपाशी, मी त्यांच्याशेजारी. मावशीने हेल्मेटचा पट्टा लावला आणि ती धुक्यात गेली. पिवळा ठिपका थोडा वेळ दिसला, मग तोही गेला. आम्ही थांबलो. हमालांचा चहा झाला, कपाट चढलं, पलंग चढला, तरी ती येईना. मावसाजींनी घड्याळ पाहणं सोडून दिलं होतं. ते नुसते रस्त्याकडे पाहत होते, आणि शेवटी चपला घालून निघालेच होते तेवढ्यात मावशी आली. सायकलवरच होती. हळूहळू, सरळ रेषेत, गालांवर लाली घेऊन.

"उतरली का कुठी?" मावसाजींनी विचारलं.

मी मनात म्हणत होतो, नाही म्हण, मावशी. कोणी पाहिलं नाही. पण तिला खोटं सुचत नाही. "उतरली," ती म्हणाली. "फाटकाच्या अलीकडे मधोमध रोही उभा होता. एवढा मोठा, निळा, शिंगंवाला. मी त्याच्याकडे पाह्यलं तर सायकल त्याच्याकडेच जाऊन राह्यली. म्हणून उतरली. मग आमी दोघंबी उभे राह्यलो. तो जंगलात गेला, मग फाटकापर्यंत जाऊन मी आली. खांदा नाई दुखला. पण उतरली मी."

तिने सायकल स्टँडला टेकवल्यासारखी मावसाजींच्या हाती दिली आणि हेल्मेट काढू लागली. पट्टा निघत नव्हता. हमाल थांबून पाहत होते. मावसाजींनी सायकल धरली, इकडे तिकडे पाहिलं, घसा साफ केला. आयुष्यभर ज्या माणसाने एकही नियम वाकवला नाही तो आता काय करणार, हे मला कळत होतं, आणि मी दुसरीकडे पाहू लागलो.

"बाहेरच्या लाइनवर बिघाड झाला आणि वीज बनवणारा सेट बंद पडला," मावसाजी हमालांना समजावत असल्यासारखे म्हणाले, "तर तो सेटच्या नावावर लागत नाई. आमच्याकडे तसाच नियम आहे. सेट चांगला समजतात." मग आवाज चढवून, "पाहून काय राह्यले? पलंग खाली घ्या. सायकल आधी."

पलंग खाली आला. सायकल सगळ्यात आत, केबिनला टेकून उभी राहिली, आणि तिच्या हँडलभोवती मावसाजींनी स्वतःची लोकरीची शाल गुंडाळली. मावशी अजून मान खाली घालून पट्ट्याशी झटत होती, त्यामुळे ती रडत होती की हसत होती ते नीट दिसलं नाही.

आता ती दोघं मूलला असतात. घरामागे बोडी आहे, बोडीला पाळ, म्हणजे मातीचा लांब बांध आहे, आणि धानाच्या रोवणीचे दिवस सोडले तर त्या पाळीवर सकाळी कोणी नसतं. मावशी तिथे सायकल चालवते. मावसाजी पाळीच्या अलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसतात. त्यांना हल्ली लांबचं कमी दिसतं, पण ते तसं म्हणत नाहीत. परवा मी गेलो होतो तेव्हा त्यांच्याजवळ बसून मावशीला पाहत होतो. पाण्यावर उन्हं आली होती आणि ती त्यातून तरंगत गेल्यासारखी जात होती. पुढे पाळ बरीच लांब आहे, वळून पार जंगलाच्या कडेला जाते. मला वाटलं, आता ही जाईल थेट तिकडे. पण करंजीच्या झाडाशी ती वळली आणि परत आली.

"काऊन व, एवढ्यातच वळली?" मावसाजींनी विचारलं. "समोर रस्ता चांगला आहे म्हणते नं तू."

"आहे चांगला," मावशी म्हणाली. "पण तिथून पुढं तुमी दिसत नाई."