भुजंगाचं लंडन आणि छपरावरचा कापूस

आमच्या गल्लीत भुजंगाशी ज्याचं भांडण झालं नाही असा एकच आहे, तो म्हणजे पारावरचा मारुती. तोही हातात गदा आहे म्हणून वाचला असावा. मी भुजंगाचा शेजारी. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे त्याच्या शिव्या मला ताज्या मिळतात. बाकी गल्लीला त्या शिळ्या करून मी वाटतो.

भुजंग बाशिंगं करतो. सेलूत आणि आसपासच्या गावांत नवरानवरीच्या कपाळावर जे चमकतं, ते बहुतेक त्याच्या हातचं. तळ्याकाठी उगवणारं भेंड आणायचं, पांढरंशुभ्र आणि वजनाला काहीच नाही असं. ते धारदार सुरीनं कातरायचं, त्याच्या कळ्या, मोर, पोपट करायचे, वर बेगड लावायची. हात चांगला आहे, हे मी कबूल करतो. तोंडाचं विचारू नका. एकदा ताडकळसचा एक वरबाप बाशिंग हातात धरून म्हणाला, "भुजंगराव, जरासं डावीकडं कललंय बगा."

"बाशिंग सरळ हाय," भुजंग म्हणाला. "तुमच्या पोराचं डोसकं वाकडं हाय."

वऱ्हाड उठलं ते थेट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, सटवाजीकडे गेलं. सटवाजी म्हणजे भुजंगाचा सख्खा धाकटा भाऊ. तोही बाशिंगंच करतो, आणि बापाची सुरी कोणाची यावरून दोघांत बापाच्या दहाव्यापासून बोलणं नाही. भुजंगाचा स्वभाव एका ओळीत सांगायचा तर असा: "माझं चुकलं" हे दोन शब्द त्याच्या तोंडून मनकर्णेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, उभ्या संसारात ऐकलेले नाहीत. बोरीच्या एका लग्नात त्यानं नवऱ्याचं बाशिंग नवरीला आणि नवरीचं नवऱ्याला दिलं. लोक ओरडले. हा म्हणाला, "आता आशीच पद्धत निघालीय."

अशा माणसाकडे दिनकरराव आले, हेच त्यांचं पहिलं चुकलं.

दिनकरराव कापसाच्या जिनिंगमधले हेडक्लार्क. जिनिंगचा गोरा मॅनेजर गेल्या साली गाशा गुंडाळून विलायतेला गेला, तेव्हा जाताना यांना एक ट्रंक देऊन गेला. ट्रंकेत शिशाचे शिपाई, बोटाएवढे, लाल डगलेवाले, बंदूकवाले, घोड्यावरचे. सोबत त्या खेळाचं एक चित्रांचं पुस्तक. साहेबानं खेळही शिकवला होता. मोठ्या टेबलावर दोन फौजा मांडायच्या, फासे टाकायचे, फुटपट्टीनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे. शिपाई भिंतीआड असला तर गोळी लागत नाही. साहेब गेल्यावर दिनकरराव हा खेळ गोविंदराव मास्तरांशी खेळायला लागले. नातवंडांचे धनी झालेले दोन गृहस्थ दर रविवारी शिशाच्या शिपायावरून एकमेकांची अक्कल काढत. पण लढाईला गाव नव्हतं. दौत म्हणजे किल्ला आणि उशी म्हणजे डोंगर. मास्तर मुद्दाम म्हणायचे, "दिनकरराव, तुमची पलटण उशीला टेकून झोपली वाटतं."

ते दिनकररावांना लागलं. व्हिक्टोरिया राणीच्या वेळचं विलायती गाव पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मुंबईहून मागवायची ऐपत नव्हती. म्हणून साहेबाच्या बिस्किटांचा रिकामा डबा काखेत मारून ते भुजंगाच्या ओट्यावर आले. डब्याच्या झाकणावर लंडनच्या एका रस्त्याचं चित्र होतं: एकाला एक चिकटलेली उंच घरं, दिव्यांचे खांब, एक घोडागाडी, आणि सगळ्या छपरांवर पांढरं.

"आसं गाव पायजे. सोबत एक टेशन. राणीच्या काळात रेल्वे होती. जमंल का?"

भुजंगानं झाकण उलटंसुलटं केलं. "यात काय हाय? एका बाशिंगाला याच्यापेक्षा जास्त कातरकाम लागतंय."

"खर्च फार नको."

"खर्चाचं घर दिसतंय का हे?"

मग ऐन लगीनसराईत हा गडी बाशिंगं बाजूला सारून लंडन बांधत बसला. मापाला दिनकररावांनी एक शिपाई दिला होता. दार त्याच्या टोपीपेक्षा नखभर उंच, खिडकी छातीला. भिंती भेंडाच्या, त्यावर सुईनं विटांच्या रेघा. छपरं सिगारेटच्या पाकिटांची, काजळीनं काळी केलेली. खिडक्यांना अभ्रक. खराट्याच्या काडीवर ज्वारीचा दाणा चिकटवला की झाला रस्त्यावरचा दिवा. फरशीचा रस्ता त्यानं मसुराच्या डाळीचा केला, आणि उंदरांनी तो सकाळपर्यंत अर्धा खाल्ला. मी भिंतीवरून विचारलं, "भुजंगा, लंडनला उंदीर लय दिसतेत."

"हिकडल्या अंगाला तर शेजारी बी हाय," तो म्हणाला.

टेशन मात्र झाकणावर नव्हतं. भुजंगानं जन्मात एकच टेशन पाहिलेलं, आपलं सेलूचं. तेच केलं: पाण्याची टाकी, सिग्नल, फलाटावरचा लिंब. धुराडी चित्रात घराघरावर होती, पण त्याला ती खुजी वाटली, म्हणून एक उंच बांधलं, थेट आपल्या जिनिंगसारखं. राहिलं छपरावरचं पांढरं. ते काय असावं याचा त्याला क्षणभरही विचार पडला नाही. जिनिंग चालू झालं की सेलूच्या छपरांवर जे पांढरं उडून बसतं तेच. सरकीवरचा कापूस पिंजून त्यानं घरोघर नीट बसवला.

मनकर्णेकडे लग्नघरची माणसं बाशिंगासाठी खेटे घालून थकली आणि सटवाजीकडे गेली. सटवाजीला त्यावर समाधान मानता आलं असतं. पण एका गिऱ्हाइकाला भुजंग म्हणाला की सटवाजीचं बाशिंग लांबून चपलेसारखं दिसतं, आणि ते सटवाजीच्या कानावर गेलं. (मी नव्हतं नेलं. त्या दिवशी मी बाजारात होतो.) सटवाजी उठला आणि पोलिसात सांगून आला: माझा भाऊ घरात सेलूचं टेशन बांधायलाय, शिपायांसगट.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वरीस कसं होतं हे सांगायला नको. सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून काँग्रेसची पोरं येत, जकातनाकी जाळत, रूळ उखडत. पोलिसांना काडीत बंदूक दिसायची. दुसऱ्या दिवशी ठाण्याचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन गल्लीत हजर. सगळी गल्ली भुजंगाच्या अंगणात, मी आपल्या भिंतीवर. लंडन फळीवर मांडलेलं, आणि फलाटावर तो मापाचा शिपाई बंदूक रोखून उभा.

"ये क्या बनाया रे?"

"लंडन."

"लंडन?" अमीनसाहेबांनी छडी टाकीवर टेकवली. "ये टाकी हमारी, झाड हमारा, धुराडा हमारा. हमला किधर से करनेवाले थे?"

भुजंगानं दिनकररावांचं नाव सांगितलं. जवान त्यांना घेऊन आला. एवढं म्हणेन की दिनकरराव नामानिराळे झाले नाहीत. "साहेब, हा माझा खेळ आहे. हे विलायती गाव आहे. हे बघा झाकण. छपरावर आहे ते बर्फ. तिकडं आभाळातून बर्फ पडतं. यानं चुकून कापूस लावला."

अमीनसाहेबांनी झाकण पाहिलं, छपरं पाहिली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही दुपारचं जेवायचं होतं. "ठीक है. बनानेवाला खुद बोले. बर्फ है तो लंडन, छोड दूँगा. कपास है तो सेलू. बोल."

मनकर्णा दारातून म्हणाली, "म्हना की बरफ! एक शबुद तर हाय."

भुजंगानं दिनकररावांकडे पाहिलं. मग गर्दीत मागं उभ्या सटवाजीकडे पाहिलं. सटवाजी हसत होता. तेवढ्यानं घात झाला.

"कापूस हाय," भुजंग म्हणाला.

"अरे बाबा," दिनकरराव रडकुंडीला आले, "तुझं चुकलंय एवढंच म्हण."

"माझं काहून चुकंल? बरफ म्या बघितलाय. भुश्श्यात गुंडाळून येतो, काचंसारखा आसतो. त्यो घरावर कोन नेऊन ठेवतंय? आन् हितल्या कापसाच्या गठाणी रेल्वेनं कुठं जातेत? विलायतेलाच ना? मग तिथल्या घरावर कापूस न्हाई बसनार तर काय भुईमूग बसंल? लंडनच हाय हे. आन् कापूसच हाय."

"दोनों नहीं चलेगा," अमीनसाहेब म्हणाले. एकदा, दोनदा विचारलं. मग लंडन पोत्यात गेलं आणि भुजंग बेडीत. दिनकररावांना तंबी देऊन घरी सोडलं, आणि जाताना भुजंग त्यांनाच ओरडला, "शिकलेल्या मान्सानं गावाला बरफ लावला!"

भादव्यात हिंदी फौज येईपर्यंत तो आत होता. मनकर्णा रोज भाकरी घेऊन जायची, शिव्या घेऊन यायची, आणि राहिलेल्या वेळात बाशिंगं करायची. तिची बाशिंगं बरी असतात, आणि ती गिऱ्हाइकाच्या डोक्याविषयी काही बोलत नाही. सटवाजीकडे गेलेली घरं हळूहळू परत आली, पण तिच्याकडे.

भुजंग सुटला आणि बाजारच्या मैदानात सत्काराची सभा झाली. तुरुंगात गेलेल्यांना हार. भुजंगालाही खुर्ची. माणिकराव वकील बोलायला उठले: "या साध्या कारागिरानं आपल्या टेशनाचा हुबेहूब नमुना करून क्रांतिकारकांना..."

"खोटं हाय," खुर्चीतून आवाज आला. "टेशन सेलूचं न्हवतं. लंडनचं व्हतं."

लोक हसले. वकिलांनी वाकून कानात सांगितलं, "आता तसं म्हणायची गरज नाही, भुजंगराव. राज्य आपलं आहे."

"राज्य कोनाचं बी आसू द्या. टेशन लंडनचं हाय. म्या सेलूचं केलं आसतं तर जास्त चांगलं केलं आसतं."

वकिलांनी हातातला हार पुढच्या माणसाला घातला. भुजंग सभा संपेस्तोवर रिकाम्या गळ्यानं तसाच बसला. ऊठ म्हणायची कोणाची छाती नव्हती.

घरी जाताना मनकर्णा भर रस्त्यात थांबली. मी मागंच होतो, मी कुठं जाणार? "तिकडं एक शबुद बोलला आसता तर घरी आला आसता. हिकडं एक शबुद गिळला आसता तर मान भेटला आसता. दोन्ही बारी तोंड उलटंच!"

"खरं ते बोललाव."

"कुठलं आलंय खरं! दिनकररावाच्या घरी जाऊन ते शिपायाचं पुस्तक बघून आलेय म्या. बरफच हाय ते."

अमीनासमोर न पडलेला भुजंगाचा चेहरा तिथं पडला.

तेव्हापासून त्यानं तिच्याशी बोलणं सोडलंय. ती ओट्यावर बसून बाशिंगं करते, हा माझ्या भिंतीकडे तोंड करून बेगड कातरतो, आणि दोघं माझ्यामार्फत बोलतात. "हिला सांगा, मोर वाकडा बसलाय." "त्यांला सांगा, बसू द्या." मी निरोप इमानानं पोचवतो, फक्त मधे थोडी भर घालतो, नाहीतर त्यांचं भांडण केव्हाच मिटेल आणि मला दुपारी काही काम उरणार नाही. काल तिनं सांगितलं, "त्यांला म्हनावं, जेवायला चला." मी त्याला सांगितलं, "मनकर्णा म्हणते, आधी बरफ म्हणा, मग जेवा."

तो कालपासून उपाशी आहे.